सीईटीत उत्तम, बारावीत बेताचे: प्रवेशाची दारे कुठे उघडी, कुठे बंद

महाराष्ट्रात बारावी विज्ञान झालेल्या विद्यार्थ्याच्या हातात दोन आकडे असतात. एक राज्य मंडळाच्या गुणपत्रकावरचा, दुसरा प्रवेश परीक्षेचा. हे दोन आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. सीईटीत 96 पर्सेंटाइल आणि बारावीला 55 टक्के, अशी जोडी शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईसारख्या गावात दरवर्षी एखाद्या घरी तरी निघते. मग पारावर सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतो सीईटी असली की बारावीला कोणी विचारत नाही, कोणी म्हणतो एवढ्या टक्क्यांवर कुठेच घेणार नाहीत. दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. बहुतेक व्यावसायिक अभ्यासक्रमांत बारावीचे गुण हा उंबरठा असतो आणि प्रवेश परीक्षा म्हणजे उंबरठ्याच्या आतली रांग. उंबरठा ओलांडला की रांगेत उभे राहताना बारावीचे गुण कोणी मोजत नाही. ओलांडता आला नाही, तर रांगेत पहिला नंबर असूनही उपयोग होत नाही. म्हणून प्रत्येक दाराचा उंबरठा किती उंच आहे हे आधी पाहावे लागते.

गावात निकालाच्या दिवशी पहिला प्रश्न असतो, "ग्रुपला किती पडले?" प्रश्न बरोबर आहे. अभियांत्रिकीसाठी एकूण टक्केवारी नव्हे, तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या तिन्हींची बेरीज लागते, आणि वैद्यकीयसाठी गणिताच्या जागी जीवशास्त्र येते. समजा, कवठे येमाईच्या एका मुलीचे गुणपत्रक असे आहे: इंग्रजी 53, मराठी 64, भूगोल 61, भौतिकशास्त्र 52, रसायनशास्त्र 53, गणित 46. सीईटीत तिला 96 पर्सेंटाइल आहेत. ग्रुपची बेरीज 151, म्हणजे 300 पैकी 50.33 टक्के. सहा विषयांची बेरीज 329, म्हणजे 600 पैकी 54.83 टक्के. हे गुणपत्रक पुढे पुन्हा पुन्हा लागेल.

आधी पर्सेंटाइलबद्दल. 96 पर्सेंटाइल म्हणजे 96 टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या दर शंभरांपैकी साधारण 96 जण या विद्यार्थिनीच्या बरोबर किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटाला अलीकडे चार लाखांच्या घरात विद्यार्थी बसतात. म्हणजे एक पर्सेंटाइल म्हणजे सुमारे चार हजार विद्यार्थी, आणि 96 पर्सेंटाइलच्या पुढेही सोळा हजारांच्या आसपास मुले असतात. हा गुण चांगला आहे यात शंका नाही, पण राज्यातल्या सर्वांत मागणीच्या कॉलेजांची संगणक शाखा त्याने हाती येईल असे समजू नये. घरातल्या मोठ्यांना हे एकदा नीट समजावून सांगितले, तर पुढचे बरेच गैरसमज टळतात.

आता अभियांत्रिकीचा उंबरठा. महाराष्ट्रात बीई आणि बीटेकसाठी ग्रुपमध्ये खुल्या प्रवर्गाला किमान 45 टक्के लागतात. राज्यातल्या मागासवर्गीय आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना 40 टक्के. म्हणजे 300 पैकी 135 किंवा 120 गुण. याखेरीज सीईटीत शून्यापेक्षा जास्त गुण हवेत. एवढे झाले की गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर लागते. बारावीचे गुण पुढे येतात ते फक्त बरोबरी सोडवण्यासाठी, आणि तेही सीईटीतल्या विषयवार पर्सेंटाइलनंतर. वरच्या मुलीचे 151 गुण हा उंबरठा सहज ओलांडतात. मंचरजवळच्या अवसरी खुर्द येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयापासून पुण्याच्या सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठापर्यंत आणि मुंबईच्या व्हीजेटीआयपर्यंत कुठेही अर्ज भरताना तिचे बारावीचे 50 टक्के आडवे येत नाहीत. तिथे तिला अडवेल तो 96 पर्सेंटाइलच्या वर लागणारा कटऑफ. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीचे गणितही जवळपास असेच आहे.

हे नेहमी असेच नव्हते. 2014 आणि 2015 च्या प्रवेशांत राज्याने अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी निम्मी जेईई मेनवर आणि निम्मी बारावीच्या गुणांवर लावली होती. 2016 पासून पुन्हा एमएचटी-सीईटी आली आणि बारावी उंबरठ्यापुरती उरली. देशपातळीवर जेईई मेनमध्येही 2013 ते 2016 या काळात बारावीला 40 टक्के वजन होते. 2017 पासून ते काढले. 2022 मध्ये राज्यात सीईटी आणि बारावी निम्मी-निम्मी धरण्याची घोषणा पुन्हा झाली, पण ती अमलात आली नाही. हा इतिहास सांगायचे कारण असे की ज्येष्ठ नातेवाइकांचे सल्ले बहुधा त्यांच्या वर्षाच्या नियमांवर उभे असतात. 2015 ला प्रवेश घेतलेला चुलतभाऊ "बारावीचे मार्क निम्मे धरतात" म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नाही, पण त्याचा नियम आता लागू नाही. नियम पाहायचा तो त्या-त्या वर्षाच्या माहिती पुस्तिकेतच. राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष ती दरवर्षी प्रसिद्ध करतो.

कमी गुण खऱ्या अर्थाने दार बंद करतात ते एनआयटी, ट्रिपल आयटी आणि आयआयटीचे. तिथे जेईईची रँक कितीही चांगली असली तरी बारावीत पाच विषयांत 75 टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना 65 टक्के. इतर मागासवर्गाला या आकड्यात सवलत नाही, हे अनेकांना उशिरा कळते. 75 टक्के नसतील तर दुसरी वाट अशी की आपापल्या मंडळात आणि प्रवर्गात वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असावे. हा आकडा मंडळानुसार आणि वर्षानुसार बदलतो, कधी तो 75 टक्क्यांच्या खालीही असू शकतो. म्हणून 72 किंवा 73 टक्क्यांवर थांबलेल्या विद्यार्थ्याने आशा सोडण्याआधी त्या वर्षीचा राज्य मंडळाचा आकडा जरूर पाहावा.

पाच विषय कोणते, हेही नीट पाहण्यासारखे आहे. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित, भाषांपैकी जास्त गुणांची एक, आणि उरलेल्या विषयांतला जास्त गुणांचा एक. वरच्या मुलीचे पाच विषय होतील 52, 53, 46, मराठीचे 64 आणि भूगोलाचे 61. बेरीज 276, म्हणजे 55.2 टक्के. 75 टक्क्यांना लागतात 375. जवळपास शंभर गुणांची तूट आहे. ती एखाद्या विषयाच्या पुनर्मूल्यांकनाने भरून निघणारी नाही. तिच्यासाठी नागपूरचे व्हीएनआयटी त्या वर्षी बंदच आहे. पण इंग्रजीचे कमी गुण तिला इथे नडत नाहीत, कारण मराठी जास्त आहे. अकरावीत विषय निवडताना मराठी, भूगोल किंवा माहिती तंत्रज्ञान यांना "बिनकामाचे" समजणारे पालक हे विसरतात की 75 टक्क्यांच्या हिशेबात पाचातले दोन विषय ग्रुपबाहेरचे असतात.

जेईईत चांगला स्कोअर आहे, पण 75 टक्के नाहीत, अशा विद्यार्थ्याचा जेईईचा अभ्यास वाया जातो का? जात नाही. महाराष्ट्रातल्या खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांत 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या असतात आणि त्यांची यादी जेईई मेनवर लागते. तिथे उंबरठा 45 टक्क्यांचाच आहे. ज्याची सीईटी बिघडली पण जेईई चांगली गेली, त्याने केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, अर्जात जेईईचा स्कोअर भरायला विसरू नये. एवढ्या एका रकान्यामुळे अनेकांचे हुकलेले कॉलेज परत मिळते.

खासगी विद्यापीठांत आणि स्वतःची चाचणी घेणाऱ्या संस्थांत प्रत्येकाचा उंबरठा वेगळा. बिट्स पिलानीच्या गोव्यातल्या किंवा भारतातल्या इतर कोणत्याही संकुलात प्रवेश हवा असेल तर बिटसॅटमधल्या गुणांबरोबर ग्रुपमध्ये 75 टक्के आणि तिन्ही विषयांत प्रत्येकी 60 लागतात. पुण्यात पाषाणला असलेल्या आयसरला बारावीत 60 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना 55. त्यापुढे निवड त्यांच्या स्वतःच्या चाचणीवर होते. मूलभूत विज्ञानाची ओढ असलेल्या मुलामुलींसाठी आयसर हे घरापासून जवळचे आणि फार मोलाचे ठिकाण आहे. अशा विद्यार्थ्याने बारावीला 60 ची रेषा काहीही करून सांभाळावी.

वैद्यकीयकडे वळले तर नीटसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला 50 टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गाला 40 टक्के लागतात. 720 पैकी 600 च्या पुढे गुण असूनही ग्रुपला 300 पैकी 148 पडले, तर खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्याचे दोन गुणांसाठी वर्ष अडकू शकते. असे होते ते बहुधा दोन-तीन वर्षे नुसती नीटची तयारी करणाऱ्यांचे. त्यांची बारावी मागे कधीतरी झालेली असते आणि तिच्याकडे परत कोणी पाहिलेले नसते.

काही दारांना उंबरठा जवळजवळ नाहीच. पुण्याजवळच्या खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. तिच्या परीक्षेला बारावी उत्तीर्ण एवढेच लागते. टक्केवारीची अट नाही. लष्करासाठी कोणतीही शाखा चालते. नौदल आणि हवाई दलासाठी विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवे. लेखी परीक्षेला 900 गुण (गणित 300, सामान्य क्षमता 600) आणि मुलाखत मंडळाचे 900. 2021 पासून मुलींनाही ही परीक्षा देता येते. शिरूर तालुक्यात सैन्याची परंपरा मोठी आहे. तिथल्या मुलांनी मात्र एक फरक लक्षात ठेवावा: लष्कराच्या तांत्रिक प्रवेश योजनेला, जिला मुले टीईएस म्हणतात, जेईई मेनबरोबर ग्रुपमध्ये 60 टक्के लागतात. एकाच गणवेशाच्या दोन वाटा आणि दोन्हींचे उंबरठे वेगळे.

विधीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रमही असाच सोयीचा आहे. खुल्या प्रवर्गाला बारावीत 45 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के असले की निवड राज्याच्या विधी सीईटीवर होते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट द्यावी लागते. बीबीए आणि बीसीएलाही 2024 पासून राज्याने सीईटी लावली आहे. दिल्ली विद्यापीठाची गोष्ट तर पूर्ण उलटी झाली. एके काळी तिथल्या नामांकित कॉलेजांचे कटऑफ 100 टक्क्यांना टेकत. 2022 पासून पदवीचे प्रवेश सीयूईटीवर होतात. बारावी उत्तीर्ण असणे पुरते आणि बारावीचे गुण लागतात ते बरोबरी सोडवायला. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. गावाकडच्या कला शाखेच्या हुशार मुलामुलींना ही वाट कोणी सांगतच नाही, आणि ही फार मोठी हानी आहे.

उलट, काही ठिकाणी बारावीचे गुणच सर्वस्व असतात. सीईटी नसलेल्या बीएससी, बीकॉम, बीए या नेहमीच्या पदव्यांना शिरूरच्या चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालयापासून पुण्यातल्या कॉलेजांपर्यंत बारावीच्या गुणांवरच यादी लागत आली आहे. वास्तुशास्त्राच्या पदवीत अभिक्षमता चाचणीच्या जोडीने बारावीच्या गुणांना वजन दिले जात आले आहे. केंद्र शासनाच्या शिष्यवृत्त्यांचेही तेच. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्रीय योजनेत मंडळाच्या 80 पर्सेंटाइलच्या वर असावे लागते, आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्यांसाठीच्या इन्स्पायर योजनेत वरचा एक टक्का. राज्याची राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती मात्र कुटुंबाच्या 8 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर आणि कॅपमधून झालेल्या प्रवेशावर मिळते. म्हणून बारावीला कमी गुण पडलेल्या मुलाने निदान कॅपची वाट सोडू नये. व्यवस्थापन कोट्यातून थेट जागा घेतली की ती सवलतही हातातून जाते.

दोन आकड्यांत एवढी फट पडते कशाने? कारणे गावातच सापडतात. कवठे येमाईच्या बहुतेक मुलांची दहावी मराठी माध्यमातून झालेली असते. अकरावीत विज्ञान इंग्रजीत येते आणि बारावीच्या लेखी परीक्षेत व्याख्या, सिद्धता, कारणे सगळी इंग्रजीतून लिहावी लागतात. सीईटीत लिहायचे काही नसते. चार पर्यायांतला एक निवडायचा. शिवाय सीईटीचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मराठीतूनही देता येते, फक्त गणित इंग्रजीत असते. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पीसीएम गटाच्या 200 गुणांपैकी 100 एकट्या गणिताचे असतात. त्यामुळे ज्याचे गणित पक्के पण इंग्रजी लेखन कच्चे, तो सीईटीत वर येतो आणि बारावीत मागे राहतो. अशा मुलाला ढ म्हणणे हा अन्याय आहे. त्याला विषय समजलेला असतो. मांडता येत नाही एवढेच.

दुसरे कारण ऋतूचे. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि त्याच सुमारास या भागात कांद्याची काढणी, उसाची तोड आणि शेतीच्या पाण्याच्या पाळ्या चालू असतात. त्यात बिबट्याची भीती. शिरूर, आंबेगाव, जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात संध्याकाळनंतर मुलांना एकटे क्लासला पाठवायला घरचे धजत नाहीत. एप्रिल-मेमधल्या सीईटीसाठी मात्र परीक्षेनंतरचे काही आठवडे मोकळे मिळतात. तिसरे कारण क्लासचे. शहरात राहून नुसती सीईटी, जेईई किंवा नीट करणारी मुले बारावीच्या वर्गात फारशी जातच नाहीत, आणि प्रात्यक्षिकाच्या वह्या शेवटच्या आठवड्यात कोणाच्या तरी वहीवरून उतरवतात.

प्रात्यक्षिकांचा हा प्रश्न जवळून पाहण्यासारखा आहे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राला लेखी 70 आणि प्रात्यक्षिक 30, गणिताला लेखी 80 आणि प्रात्यक्षिक 20. वरच्या मुलीचे गुण फोडून पाहिले तर भौतिकशास्त्रात लेखी 25 आणि प्रात्यक्षिक 27, रसायनशास्त्रात 25 आणि 28, गणितात 28 आणि 18. म्हणजे लेखीत 220 पैकी 78 आणि प्रात्यक्षिकात 80 पैकी 73. ग्रुपचे 151 गुण जे दिसतात, त्यातले जवळपास निम्मे प्रयोगशाळेतून आले आहेत. हिनेच वर्गाला दांडी मारून प्रात्यक्षिकात 80 पैकी 50 मिळवले असते, तर बेरीज 128 झाली असती, खुल्या प्रवर्गाच्या 135 च्या खाली, आणि 96 पर्सेंटाइल असूनही तिचे नाव यादीत अपात्र म्हणून लागले असते. ज्याला लेखीत भरवसा नाही त्याने प्रयोगाच्या तासाला एकही दिवस चुकू नये, यापेक्षा मोलाचा सल्ला या विषयात दुसरा नाही. त्या तासाला सर लंबकाचा आवर्तकाल मोजायला लावतात, बर्नर पेटवून क्षाराची ओळख करायला लावतात, आणि तोंडी परीक्षेला तेच विचारले जाते. वही पूर्ण, हजेरी पूर्ण आणि तोंडी चार उत्तरे नीट आली की हे गुण हातचे राहतात.

लेखीसाठी डिसेंबरपासून रोज एक उत्तर इंग्रजीतून लिहून काढायची सवय लावावी. वाचून समजणे आणि कागदावर उतरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्याख्या, एकक, आकृती, सूत्राची सिद्धता यांना मंडळाच्या पेपरात ठरलेले गुण असतात आणि ते पाठांतर व सरावाने मिळतात. सीईटीच्या अभ्यासाला यातले काहीच विरोधी नाही. सीईटीत साधारण 80 टक्के भार बारावीच्या अभ्यासक्रमाचा असतो आणि 20 टक्के अकरावीचा. तीच पुस्तके, तेच धडे.

निकाल लागल्यावर गुण खरोखरच अपेक्षेपेक्षा कमी वाटले, तर पहिले पाऊल उत्तरपत्रिकेची छायाप्रत. मंडळाकडे ऑनलाइन अर्ज करून ती मागवता येते. छायाप्रत घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकन मागता येत नाही, आणि छायाप्रत मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांतच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करावा लागतो. छायाप्रत आधी विषयाच्या शिक्षकांना दाखवावी. बेरीज चुकली आहे, एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे, असे दिसले तरच पुढे जावे. उंबरठ्याला दोन-चार गुण कमी असलेल्यांसाठी ही वाट आहे. शंभर गुणांच्या तुटीसाठी नाही.

मोठी तूट भरून काढायची तर श्रेणीसुधार योजना. उत्तीर्ण झालेला विद्यार्थी लगतच्या मोजक्या परीक्षांत पुन्हा बसून गुण वाढवू शकतो. पहिली संधी त्याच वर्षीच्या पावसाळ्यात होणाऱ्या पुरवणी परीक्षेची. इथे घाई आणि आळस दोन्ही नडतात. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड ही आयआयटीची परीक्षा लागोपाठच्या दोनच वर्षी देता येते, आणि ती वर्षे पहिल्यांदा बारावीला बसल्यापासून मोजली जातात. श्रेणीसुधार केल्याने वर्ष वाढून मिळत नाही. म्हणून केवळ 75 टक्क्यांसाठी वर्ष थांबायचे का, हा निर्णय जेईईची रँक पाहून घ्यावा. रँक एनआयटीच्या जवळपासही नसेल तर 75 टक्के करूनही पदरात काही पडणार नाही. त्यापेक्षा हातात असलेल्या सीईटीवर चांगली शाखा घेऊन कामाला लागणे शहाणपणाचे. नीटचे तसे नाही. तिथे ग्रुपला 50 टक्के नसतील तर श्रेणीसुधाराला पर्याय नाही, आणि पुन्हा तयारी करणाऱ्याने ती परीक्षा नीटच्या तयारीबरोबरच उरकून घ्यावी.

ग्रुपला 45 टक्केही नसतील, तरी अभियंता होण्याची वाट संपत नाही, लांबते एवढेच. विज्ञान घेऊन बारावी झालेल्याला तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. अवसरी खुर्दला शासकीय तंत्रनिकेतन आहे. पदविका चांगल्या गुणांनी झाली की तिच्या गुणांवर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते, आणि तिथे बारावीचा ग्रुप कोणी विचारत नाही. रांजणगाव औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत पदविकाधारकांना कामही मिळते. गणित घेऊन बारावी झालेल्याला बीएससी पूर्ण करूनही थेट दुसऱ्या वर्षाची वाट खुली असते. ही वाट धरणाऱ्याला गावात कमी लेखले जाते, ते चूक आहे. हाताने यंत्र चालवून आलेली मुले पदवीच्या वर्गात पुष्कळदा इतरांच्या पुढे असतात.

प्रवेश झाला म्हणजे बारावीचा आकडा पुसला गेला असेही नाही. कॉलेजात मुलाखती घ्यायला येणाऱ्या अनेक कंपन्या दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत 60 टक्के मागतात. पुढे कॅट देऊन अहमदाबाद किंवा बंगळूरच्या आयआयएमला जायचे तर दहावी-बारावीचे गुण तिथे निवडीत धरले जातात. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांना मात्र पदवी उत्तीर्ण असणे पुरते. परदेशाचेही थोडे सांगायला हवे, कारण अमेरिकेत स्थायिक झालेले नातेवाईक तिकडचा सल्ला इकडे देतात. अमेरिकेतली विद्यापीठे पदवीच्या प्रवेशासाठी नववी ते बारावी अशा चार वर्षांची गुणपत्रके पाहतात. एमआयटीने 2022 मध्ये सॅट पुन्हा सक्तीची केली, तरी चांगल्या सॅटने चार वर्षांचे कमी गुण झाकले जात नाहीत. इथल्यासारखा एका परीक्षेवर डाव तिथे लागत नाही.

शेवटची बाब अकरावीत नाव घालतानाची आहे, आणि ती बहुतेकांना बारावीनंतर कळते. अभियांत्रिकीच्या कॅपमध्ये विद्यार्थ्याचे मूळ विद्यापीठ त्याचे गाव पाहून ठरत नाही, तर बारावी कुठून उत्तीर्ण झाली यावरून ठरते. कवठे येमाईच्या मुलाने शिरूर, मंचर किंवा पुण्यातून बारावी केली तर त्याचे मूळ विद्यापीठ सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, म्हणजे पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे. त्या क्षेत्रातल्या कॉलेजांत मूळ विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी मोठा वाटा राखलेला असतो. क्लाससाठी लातूरला जाऊन नावही तिथल्याच कनिष्ठ महाविद्यालयात घातले, तर मूळ विद्यापीठ नांदेडचे होते आणि पुण्याच्या कॉलेजांत तोच मुलगा बाहेरचा ठरतो. 96 पर्सेंटाइल तेच राहते, पण कॉलेज बदलते.